रोटरी इंजिनाचा ऑइल कूलर : उद्यमनगरच्या शेडमधल्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

दाजींचं दोन आसनी किट विमान ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडला उडतं. इंजिन माझदाच्या आरएक्स-७ गाडीतलं १३बी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे ६५४ सीसीचे दोन रोटर, आणि पुढे पंख्यासाठी वेग उतरवणारा रिडक्शन गिअरबॉक्स. सरळ उडताना काही तक्रार नाही. उन्हाळ्यात पूर्ण पॉवरवर चढायला लागलं की इंजिनात शिरणारं ऑइल काही मिनिटांत ११० अंशांच्या वर जातं. मग नाक खाली करायचं, पॉवर ओढायची, ऑइल निवलं की पुन्हा चढायचं. पाण्याच्या तापमानाचा काटा त्या वेळी जागचा हलतही नाही.

तिकडे मजुरी परवडत नाही आणि इकडे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझी फॅब्रिकेशनची शेड आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. इंजिन इथे नाही. कूलर निवडायचा, त्याच्या तोंडाशी हवा आणणारा डक्ट करायचा आणि दोन्ही बेंचवर, म्हणजे शेडमधल्या चाचणीच्या मांडणीवर, तपासून पाठवायचं, एवढंच. असं इंजिन विमानात बसवणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून आकडे आणि खर्च लिहून ठेवतोय.

७ फेब्रुवारी

मागणी काढली. पिस्टनच्या पुष्कळ गाड्या ऑइल कूलरशिवाय आयुष्य काढतात. रोटरीत ते जमत नाही, कारण रोटरच्या पोटात पाणी जात नाही, ऑइल जातं. शाफ्टमधल्या जेटमधून ते रोटरच्या आत मारलं जातं आणि उष्णता घेऊन संपमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, पडतं. पाणी आणि ऑइल मिळून जेवढी उष्णता बाहेर काढतात, तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा ऑइलच्या वाट्याला येतो. १८० एचपीला दोन्ही मिळून ११० किलोवॅटच्या आसपास धरले, त्यातले ऑइलचे ३६.

दाजींनी मोजून कळवलेला ऑइलचा प्रवाह मिनिटाला ४५ लिटर. गरम ऑइलची घनता आणि उष्माधारकता धरली तर ३६ किलोवॅट काढताना ते २७ अंशांनी उतरतं. इंजिनात ९३ च्या आत जायला हवं, म्हणजे कूलरमध्ये १२० ने शिरणार. बाहेरची हवा ३८. दोन्हींतला फरक ८२ अंश. ३६ भागिले ८२, म्हणजे दर अंशाला ०.४४ किलोवॅट. कूलर कुठलाही असो, त्याला हा एकच प्रश्न विचारायचा.

ऑइलचं तापमान कुठे मोजलं ते प्रत्येक वेळी विचारावं. एक जण कूलरच्या आधीचं सांगतो, दुसरा नंतरचं. दोघांत २७ अंशांचा फरक असतो आणि दोघेही त्याला ‘ऑइल टेम्परेचर’ म्हणतात.

१२ फेब्रुवारी

हिशेब चढणीचाच करायचा. चढताना वेग ८५ नॉट, त्या वेगाच्या हवेचा दाब ३८ अंशांत समुद्रसपाटीला साधारण ११० मिमी पाणी, म्हणजे नळीत पाणी तेवढं वर चढवेल एवढा. डक्टमध्ये काही जाणार, हवा बाहेर पडताना काही लागणार. कूलरच्या जाळीला ६० मिमी मिळाले असं धरलं. क्रूझला, म्हणजे सरळ उडताना, वेग वाढतो तसा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो आणि पॉवरही कमी लागते, म्हणून तिथे कुठलाही कूलर पास होतो.

२० फेब्रुवारी

बेंच उभा करायला घेतला. हवेसाठी एका फाउंड्रीतला क्युपोलाचा, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीचा, जुना ब्लोअर, ५ एचपी, भाड्याने. आपल्याकडे ही वस्तू शोधावी लागत नाही, शिरोलीत दोन फोन केले की मिळते. दाब गरजेपेक्षा बराच जास्त, म्हणून पुढे हवा आवरणारा डँपर लावला. ऑइलसाठी गिअर पंप, २०० लिटरच्या बॅरलमधून कापून केलेली टाकी, बाहेरून उष्णता अडवायला रॉकवूल.

शेडचा मंजूर वीजभार ४० एचपी, म्हणजे ३० किलोवॅट. ३६ किलोवॅटचे हीटर लावणं शक्यच नव्हतं, म्हणून १८ वर थांबलो. उष्णता तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात जाते, तेव्हा १८ वर मोजून गुणाकार करता येईल असा विचार होता. तो पुढे अर्धाच खरा ठरला.

२६ फेब्रुवारी

पाण्याचे ३ किलोवॅटचे सहा इमर्शन हीटर टाकीत बसवले होते. ऑइल ७० अंशांपर्यंत गेलं आणि करपल्याचा वास सुरू झाला. हीटर बाहेर काढले तर नळ्यांवर काळी खरपुडी. पाण्याच्या हीटरला दर चौरस सेंटिमीटरला जेवढे वॅट चालतात तेवढे ऑइलला चालत नाहीत. ऑइल उष्णता हळू घेतं, नळीलगतचा थर जळतो आणि खरपुडी धरली की नळी आणखी तापते. ४,८०० रुपयांचे हीटर आणि ४० लिटर ऑइल गेलं.

लक्ष्मीपुरीतून लांब नळीचे, पण तेवढ्याच वॅटचे हीटर करून आणले. करणाऱ्याला ‘ऑइलसाठी’ एवढं सांगितलं की पुरतं, लांबी तो स्वतः काढतो. ११,४०० रुपये, वर आठवडाभराची खोटी.

९ मार्च

हवा मोजायला ३०० मिमीचा पाइप आणि हवेचा वेग दाबावरून सांगणारी पिटो नळी. यू आकाराच्या नळीत पाणी जेमतेम ७ मिमी चढलं, आणि वाचताना एक मिमी इकडेतिकडे होतोच. पाइप २०० मिमीचा केला. आता ३५ मिमीच्या आसपास येतं आणि वाचायला त्रास नाही. ब्लोअरनंतर दीड मीटर सरळ पाइप ठेवला, नाहीतर पिटो काहीही सांगते.

ऑइलचा प्रवाह मोजायची पद्धत आमच्या मिस्त्रींची : २० लिटरचा डबा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. डबा २७ सेकंदांत भरला की ४५ लिटर. गरम ऑइल असल्यामुळे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

१४ मार्च

पहिला उमेदवार, दाजींनी एका येणाऱ्याबरोबर पाठवलेला आरएक्स-७ चा मूळचा कूलर. आकडा आला ०.२१. म्हणजे मागणीच्या निम्माही नाही. ऑइल आत जाताना आणि बाहेर येताना तापमानात फरक जेमतेम, आणि कूलरला हात लावला तर (लावू नये) अर्धा भाग कोमट.

या कूलरच्या अंगातच थर्मोस्टॅट आणि बायपास असतो. गार ऑइल जाळीत न जाता सरळ पुढे जातं आणि तापलं की वाट बंद होते. याची वाट बंद होत नव्हती. तापल्यावर फुगून ती बंद करणारी वॅक्सची गोळी जुनी होऊन अडकली होती. ॲल्युमिनियमचा दट्ट्या खरादून बायपास बंद केला आणि पुन्हा चालवलं : ०.३३.

दाजींना लगेच फोन केला. विमानात आज बसलेला कूलरही याच जातीचा आणि तेवढाच जुना. त्यांनी उघडला तर तिथेही व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. म्हणजे त्रासातला काही भाग कूलरच्या आकाराचा नव्हताच. पण ०.३३ धरलं तरी गरम दिवशी ३६ किलोवॅट काढायला ऑइल १४७ ने आत यावं लागेल. तेव्हा मोठा कूलर लागणारच.

त्याच फोनवर शाफ्टच्या टोकातल्या पेलेटचंही विचारून घेतलं. १३बी च्या शाफ्टमध्ये पुढच्या बाजूला एक थर्मल पेलेट असते. ऑइल गार असेपर्यंत ती रोटरकडे जाणारं ऑइल अडवते. ती बिघडली तर रोटर तापत राहतो आणि गेज काहीच सांगत नाही. दाजींनी इंजिन बांधतानाच तिच्या जागी घट्ट तुकडा टाकला होता. ते बरं झालं.

१९ मार्च

पुढचा उमेदवार गाडीच्या एसीचा इव्हॅपोरेटर, म्हणजे आतली हवा गार करणारी जाळी. पाण्यासाठी रोटरीवाले तो वापरतात आणि तिथे तो चांगला चालतोही. ऑइलला त्याच्या वाटा फार अरुंद. ६० अंशांच्या ऑइललाच पंप कण्हायला लागला. तासाभरात काढून ठेवला.

२३ मार्च

मुख्य उमेदवार, ऊसतोडणी यंत्राचा हायड्रॉलिक ऑइल कूलर. हंगामात ही यंत्रं आपल्या भागात सगळीकडे फिरतात, म्हणून सुटे भाग इथेच मिळतात. बार-अँड-प्लेट (पट्ट्या आणि पत्रे जोडून केलेला), ॲल्युमिनियम, जाळी ३०० बाय ३०० बाय ६३ मिमी. आधी भंगारातला एक १,५०० ला घेतला. त्याची तोंडं कापून नवे बंग, म्हणजे नळ्या जोडायच्या कड्या, लावायचे होते. आर्गॉन वेल्डिंगवाल्या मामांनी टाका मारला की बुडबुडे. घासलं, थिनरने धुतलं, भट्टीत तापवलं, पुन्हा बुडबुडे. जुन्या ॲल्युमिनियममध्ये ऑइल मुरलेलं असतं, ते वेल्डच्या वेळी वर येतं. मामा म्हणाले, “मालक, ह्यात जीव न्हाई. नवा आणा, नायतर नाद सोडा.”

नवा आणला, १४,२०० रुपये. त्यावर वेल्ड पहिल्याच फटक्यात बसला. हातपंपाने १५ किलो दाबाला अर्धा तास ठेवला. ११ किलोला एका बंगच्या मुळाशी थेंब दिसला, तो पुन्हा भरून घेतला. गार इंजिन चालू करताना दाब गेजवरच्या आकड्याच्या बराच वर उडी मारतो, म्हणून ही चाचणी टाळू नये.

२८ मार्च

नव्या कूलरचा पहिला आकडा ०.३८. निराशा झाली. एवढी मोठी जाळी आणि मूळच्या कूलरपेक्षा पाचच शतांश वर. हा परत करून याहून मोठा मागवावा असं ठरतच आलं होतं.

आकडे पुन्हा मांडले. हवा ३३ अंश, ऑइल ७८ ने आत, टाकीची गळती (तिच्या अंगातून निसटणारी उष्णता) वजा जाता १७ किलोवॅट. विमानात ऑइल १२० ने शिरणार आणि इथे ७८. २०डब्ल्यू-५० ऑइल या दोन तापमानांत एकसारखं राहत नाही, ७८ ला ते अडीच-तीन पट दाट असतं. पाण्याच्या रेडिएटरमध्ये अडथळा मुख्यतः हवेच्या बाजूला असतो, म्हणून तिथे गार चाचणी खपून जाते. ऑइल कूलरमध्ये ऑइलची बाजूही तेवढीच हट्टी असते. दाट ऑइल आतल्या पंखांवरून सुस्त सरकतं आणि उष्णता सोडत नाही. दुसरं म्हणजे डबा भरायला ३१ सेकंद लागले. दाट ऑइलला दाब जास्त लागतो, पंपाचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उचलत होता आणि काही ऑइल कूलरला न शिवताच टाकीत परत येत होतं.

म्हणजे ऑइल गरम ठेवायला हवं, पण हीटर १८ च्या वर नेता येत नाहीत.

२ एप्रिल

उपाय मिस्त्रींच्या तोंडून आला. खरं तर ते वैतागून बोलले, कारण कूलरमधून निघणारी गरम हवा सबंध दिवस त्यांच्या अंगावर येत होती : “ही हवा फिरवून परत ब्लोअरलाच द्या की, मला कशाला?” तेच केलं. पत्र्याचा डक्ट करून गरम हवा ब्लोअरच्या तोंडाशी वळवली, मध्ये ताजी हवा मिसळायला एक झडप. आत जाणारी हवाच ७८ अंश झाली की ऑइल आपोआप ११४ वर जाऊन स्थिरावतं. फरक ३६ अंशच राहतो, म्हणून १८ किलोवॅट पुरतात, आणि ऑइल मात्र विमानातल्याएवढं पातळ होतं.

यात दोन दुरुस्त्या लागतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे वजनाने तेवढीच हवा, सेकंदाला ०.८५ किलो, न्यायची तर जाळीवर ६० मिमी पुरत नाहीत, ७२ लागतात. कोल्हापूर समुद्रसपाटीहून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहे, त्याचा फरकही याच हिशेबात आला. दुसरी टाकीची गळती. ब्लोअर आणि कूलर बंद ठेवून टाकी ११४ ला धरून ठेवायला १.६ किलोवॅट लागले, ते वजा केले.

१६.४ भागिले ३६. ०.४६ आले.

कूलर तोच होता. २८ मार्चच्या आकड्यावर विसंबून मोठा मागवला असता तर वजन आणि ड्रॅग (हवेचा विरोध) दोन्ही फुकट वाढले असते.

मूळचा कूलरही पुन्हा गरम ऑइलवर चालवला. ०.३३ चे ०.३५ झाले. त्याच्या वाटा वेगळ्या असल्यामुळे फरक कमी. तेव्हा गार आकड्याला ठरावीक टक्के जोडून काम भागत नाही, प्रत्येक कूलर गरमच मोजावा लागतो.

६ एप्रिल

ऑइलच्या दाबाचा हिशेब. या इंजिनात पंपातून निघालेलं सगळं ऑइल कूलरमधून जातं, मग फिल्टर, मग बेअरिंग. गाडीतल्या उपकूलरसारखी थोडी धार वळवलेली नसते, म्हणून वाटेतला प्रत्येक अडथळा थेट इंजिनाला भोवतो. कूलरमध्ये ०.६ किलो दाब गेला, तो चालेल. दोन काटकोनी एल्बोंमध्ये ०.५ गेला! एल्बो म्हणजे ठोकळ्यात दोन बाजूंनी भोक पाडून मध्ये मिळवलेले, आत धारदार कोपरा. नळी वाकवून केलेले बेंड लावले, तिथला तोटा ०.१ वर आला. नव्या बेंडचे १,९०० रुपये या सगळ्या कामातले सगळ्यांत वसूल झालेले.

१८ एप्रिल

आता डक्ट. काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, हवेचं तोंड २६० चौ. सेमी, कूलरचा चेहरा ९००, आणि मध्ये जागा फक्त २२ सेमी. पहिला डक्ट सरळ भिंतींचा केला, पत्र्याचा, अर्ध्या दिवसात. भिंत १७ अंशांहून जास्त कलते. सात-आठ अंशांपुढे हवा भिंत सोडते हे वाचून माहीत होतं, पण समोर कूलरचा अडथळा असल्यामुळे चालून जाईल असं वाटलं होतं.

जाळीपुढे नऊ ठिकाणी दाब मोजला. मध्यभागी ७० मिमी, कोपऱ्यांत १५. हवा मधोमध पिचकारीसारखी जाते आणि चारही कोपरे नुसते वजन म्हणून बसलेले. या डक्टसकट कूलरचा आकडा ०.३१, म्हणजे मूळच्या लहान कूलरच्याही खाली.

२७ एप्रिल

तुतारीसारखा आकार हवा : सुरुवातीला जवळजवळ सरळ नळा, आणि कूलरच्या तोंडाशी आल्यावर शेवटच्या सहा-सात सेंटिमीटरमध्ये झपकन उघडणारा. तिथे जाळीचा अडथळाच हवेला बाजूला ढकलतो. पत्र्यात हा आकार येत नाही. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. चित्र दाखवलं, चार जागचे छेद पुठ्ठ्यात कापून दिले. त्यांनी शाडूत आकार काढून दिला, आणि गोलाई माझ्या पुठ्ठ्यापेक्षा चांगली आली. गणपतीच्या कामाची गर्दी सुरू व्हायची होती म्हणून वेळ मिळाला, जूननंतर गेलो असतो तर दारातूनच परत पाठवलं असतं. शाडू वाळताना एका बाजूला तडा गेला, तो भरून, घासून, मेण लावून वर फायबर चढवलं. माती, रेझिन, कापड, मजुरी धरून ६,३००.

४ मे

तुतारी डक्टवर कोपऱ्यांत ४८ मिमी, मध्यभागी ६२. आकडा ०.४२. अजून दोन शतांश कमी.

धूप पेटवून डक्टच्या कडेने फिरवली तर कूलर आणि डक्टमधल्या सांध्यातून धूर सरळ बाहेर. सांधा ६ मिमी होता, फोमची पट्टी लावलेली, ती दाबाने उठत होती. चारी बाजूंचा सांधा धरला तर ७० चौ. सेमीचं भोक, तोंडाच्या पावपटीहून जास्त. फोम काढून सिलिकॉन रबराची ओठवाली पट्टी लावली, हवेचा दाब ओठाला आतून चिकटवतो. ०.४४.

११ मे

वजन. जाळी, बंग आणि बेंड मिळून ६.८ किलो, मूळच्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेही विमानाच्या नाकात. दाजींनी वजन-समतोलाचा कागद पुन्हा मांडला, बॅटरी मागे न्यावी लागेल. यंत्रावर बसवायचे जाड कान कापून टाकले, ४०० ग्रॅम वाचले. जाळीला हात लावायचा नाही असं ठरवलं.

कापल्यानंतरचा चुरा आत राहू नये म्हणून दोन्ही दिशांनी गरम ऑइल गाळणीतून फिरवलं. पहिल्या फेरीत गाळणीवर ॲल्युमिनियमचे चकचकीत कण होते, तिसऱ्या फेरीत गाळणी स्वच्छ निघाली. या इंजिनात कूलरनंतर फिल्टर येतो हे खरं, पण त्याच्यावर भार कशाला टाकायचा?

१४ मे

मोजदाद : वाया गेलेले हीटर आणि ऑइल धरून बेंचवर ३८ हजारांच्या आसपास, कूलर आणि डक्टवर २४ हजार. बेंच मोडलेला नाही. क्युपोलाचा ब्लोअर परत गेला, बाकी सगळं कोपऱ्यात आहे. कुणाला आपला कूलर मोजायचा असेल तर ब्लोअरचं भाडं आणि ऑइल त्याचं. लाकडी पेटी काल रवाना केली.

२५ ऑगस्ट

दाजींचे आकडे आले. बाहेर २२ अंश, ८५ नॉट, पूर्ण पॉवर, ऑइल स्थिर होईपर्यंत चढले. इंजिनात शिरणारं ऑइल ७८, कूलरआधी १०५. फरक ८३ अंश, म्हणजे ०.४४ च्या हिशेबाला धरून. तिकडे आत्ता हिवाळा संपतोय. ३८ च्या दिवशी यात १६ अंश मिळवायचे, म्हणजे ९४. मर्यादा ९३.

बेंचवर एक गोष्ट तपासता आली नव्हती, ती म्हणजे हवा बाहेर पडायची वाट. आता तिथे ठरावीक फट आहे. चढताना उघडणारी झडप बसवली तर कूलरमागचा दाब उतरेल आणि हवा जास्त ओढली जाईल. बिजागरीची मापं दाजी पाठवणार आहेत. झडप फायबरची करायची की पत्र्याची ते मिस्त्रींना विचारून ठरवतो. नोव्हेंबरच्या आत ती तिकडे पोहोचायला हवी.